देवाचा विषय आणि भक्ताची पारख

आज पौष वद्य एकादशी. सद्‌गुरू श्रीनिवृत्तिनाथांच्या समाधिदर्शनासाठी त्र्यंबकक्षेत्री दिंड्या येऊन पोहोचल्या आहेत, कुशावर्तावर स्नानाची दाटी आहे आणि ब्रह्मगिरीवरून उतरणारा पौषातला गारठा टाळमृदंगाच्या घोषात कोणास जाणवेनासा झाला आहे. अशा दिवशी या पानावर यात्रेचे माहात्म्य लिहावयाचे, हा शिरस्ता. यंदा मात्र वाचकांची अनुज्ञा घेऊन आम्ही थोड्या निराळ्या विषयाकडे वळणार आहो. विषय आहे धार्मिक चित्रपटांचा. आणि त्याविषयी बोलताना कॅथॉलिक ख्रिस्ती बांधवांच्या ओट्यावर आम्ही जे ऐकले ते प्रथम सांगावयाचे आहे. एकादशीच्या दिवशी बुवांनी हे काय आरंभिले, असे कोणास वाटेल. परंतु लेख शेवटपर्यंत वाचल्यास हा विषय आपल्या देव्हाऱ्यापासून फारसा दूरचा नाही, हे ध्यानी यावे.

गेल्या कार्तिक वद्य एकादशीस वसई तालुक्यातील निर्मळ क्षेत्री आमची कीर्तनसेवा झाली. निर्मळची यात्रा जुनी आणि भोवतालची वस्ती मोठ्या प्रमाणावर मराठी बोलणाऱ्या कॅथॉलिकांची. पिढ्यान्‌पिढ्या शेजारधर्म पाळणारी ही मंडळी यात्रेतही येतात. त्यांपैकी एक निवृत्त शिक्षक कीर्तनास बसले होते. दुसऱ्या दिवशी द्वादशीचे पारणे आटोपल्यावर त्यांनी आग्रहाने आम्हांस आपल्या घरी नेले. ओट्यावर सात-आठ माणसे जमली होती. एक वयोवृद्ध वाडीवाले, शाळेतून निवृत्त झालेल्या एक सिस्टर, बँकेत नोकरी करणारा गुरुजींचा पुतण्या, शेजारच्या दोन-तीन स्त्रिया. गप्पा चालल्या होत्या त्या अलीकडे पाहिलेल्या चित्रपटांच्या.

सिस्टर सांगत होत्या की, एका संतस्त्रीच्या चरित्रावरील चित्रपट त्यांनी मोठ्या भक्तीने पाहावयास घेतला आणि अर्ध्यावर बंद केला. "ती बाई पहिल्या दृश्यापासूनच संत," त्या म्हणाल्या. "तिला कधी राग नाही, शंका नाही, कंटाळा नाही. डोक्यामागे उजेड पाडला की झालं. तिच्याकडून मी काय शिकू? मला तर रोज राग येतो." सगळे हसले. मग वाडीवाल्या आजोबांनी मेल गिब्सन यांच्या २००४ सालच्या 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' या चित्रपटाचा विषय काढला. येशूच्या अखेरच्या बारा तासांवरील हा चित्रपट. आजोबा म्हणाले, "मी तो तीनदा पाहिला आणि तीनदा रडलो. प्रभूंनी काय सोसलं ते मला तेव्हा कळलं." त्यावर सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "रडू मलाही आलं, आजोबा. पण घरी गेल्यावर मी स्वतःला विचारलं, मी प्रभूंसाठी रडले की रक्त पाहून?"

पुढे बराच वाद झाला. फटक्यांचे ते दृश्य इतके लांबवावयास हवे होते काय, असे एकाने विचारले. यहुद्यांचे चित्रण न्यायाचे आहे काय, असा प्रश्न गुरुजींनी उपस्थित केला. कारण येशूच्या मृत्यूचा दोष साऱ्या यहुदी समाजावर टाकू नये, असे कॅथॉलिक चर्चच्या धर्मसभेने १९६५ सालीच जाहीर केले आहे. आजोबा आपल्या मतावरून हलले नाहीत, सिस्टरही हलल्या नाहीत. पण कोणी कोणास नास्तिक म्हटले नाही, धर्मबुडवे म्हटले नाही. वाद संपला तेव्हा आजोबांनीच सिस्टरांपुढे केळ्यांची थाळी सरकविली.

आम्ही गप्प बसलो होतो. तेव्हा गुरुजींनी विचारले, "बुवा, तुमच्याकडेही देवादिकांचे, संतांचे पुष्कळ सिनेमे निघतात. त्यांच्याबद्दल तुम्ही मंडळी असंच बोलता का?"

आम्ही म्हणालो, "आमच्याकडे देवाच्या कथेत कोणी खोड काढीत नाही."

गुरुजी हसून म्हणाले, "कथेत नाही हो. सिनेमात."

या उत्तराने आम्ही निरुत्तर झालो. परतीच्या प्रवासात आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली आणि ती आठवल्याचे समाधान झाले नाही. काही वर्षांपूर्वी एका यात्रेत रात्री मोठा पडदा उभारून एका संतावरील चित्रपट दाखविण्यात आला. निर्मात्यांच्या विनंतीवरून आम्ही आरंभी चार शब्द बोललो आणि पुढे छापावयास शिफारसही लिहून दिली. चित्रपट कसा होता? खरे सांगावयाचे तर आम्हांसही तो आवडला नव्हता. परंतु विषय संताचा. दोष कसा काढावा? दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काव्यशास्त्र शिकावयास येणारा एक विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, त्यात चमत्कार पुष्कळ दिसले, पण महाराज कोठे दिसलेच नाहीत." आम्ही त्यास सर्वांसमक्ष खडसावले. तो पुढेही पाठास येत राहिला, परंतु त्यानंतर त्याने आपले मत आम्हांस कधी सांगितले नाही. ज्या शास्त्रात रसाचे आणि दोषांचे विवेचन शिकवावयाचे, त्याच शास्त्राच्या पाठावर आम्ही दोष दाखविणाऱ्याचे तोंड बंद केले होते.

घरी आल्यावर त्या ओट्यावर ज्यांची नावे निघाली त्यांपैकी काही चित्रपट आम्ही नातवाच्या साहाय्याने पाहिले आणि त्यांचा इतिहासही थोडाफार वाचला. तेव्हा ध्यानी आले की, या मंडळींना ही मोकळीक सहजासहजी लाभलेली नाही. तिच्यासाठी त्यांच्या समाजास पुष्कळ ठेचा खाव्या लागल्या आहेत.

चित्रपटकला जन्मास आली आणि लगोलग येशूचे चरित्र पडद्यावर आले. प्रारंभी चर्चला या नव्या साधनाचे भय वाटले. अमेरिकेत १९३३-३४ च्या सुमारास 'लीजन ऑफ डीसन्सी' नामक कॅथॉलिक चळवळ उभी राहिली. अनीतिकारक चित्रपट पाहणार नाही, अशी शपथ लक्षावधी लोकांनी चर्चमध्ये उभे राहून घेतली. चित्रपटांच्या प्रती ठरविल्या जात आणि शेवटची प्रत 'निषिद्ध' ही असे. १९३६ साली पोप अकरावे पायस यांनी चित्रपटाविषयी स्वतंत्र धर्मपत्र काढून या चळवळीची वाखाणणी केली. समाजाच्या शीलाची काळजी घेणे हे धर्माचे कामच आहे. त्यात दोष नाही. परंतु निषेध करण्याची सवय जडली की पाहण्याची सवय सुटते. रॉबेर्तो रोसेलिनी या इटालियन दिग्दर्शकाचा 'द मिरॅकल' हा लघुचित्रपट १९५० च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये लागला, तेव्हा तो पाखंडी ठरवून त्याविरुद्ध मोठी मोहीम झाली आणि राज्याने त्याचा परवाना काढून घेतला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५२ साली न्यायालयाने निर्णय दिला की, धर्माचा अवमान एवढ्या कारणावरून सरकारला चित्रपटावर बंदी घालता येणार नाही.

आता यातील मौज पाहावी. ज्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये रोसेलिनीविरुद्ध ओरड सुरू झाली, त्याच १९५० साली त्याने आसिसीच्या संत फ्रान्सिसवर एक चित्रपट काढला होता. फ्रान्सिसला त्याने 'देवाचा विदूषक' म्हटले आणि साधूंच्या भूमिका खऱ्याखुऱ्या फ्रान्सिस्कन साधूंकडून करविल्या. पुढे १९९५ साली, चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त, व्हॅटिकनने पंचेचाळीस उल्लेखनीय चित्रपटांची एक यादी प्रसिद्ध केली. धर्म, मूल्ये आणि कला असे तिचे तीन भाग असून प्रत्येकात पंधरा चित्रपट आहेत. त्यांतील धर्मविभागात रोसेलिनीचा हा फ्रान्सिस सन्मानाने बसला आहे.

याच यादीत पिएर पाओलो पासोलिनी यांचा १९६४ सालचा, मत्तयलिखित शुभवर्तमानावरील चित्रपट आहे. पासोलिनी मार्क्सवादी आणि निरीश्वरवादी. आधल्याच वर्षी, १९६३ साली, दुसऱ्या एका चित्रपटाबद्दल इटलीच्या न्यायालयाने त्यांना राज्यधर्माच्या अवमानाबद्दल दोषी ठरविले होते. आणि १९६४ साली व्हेनिसच्या महोत्सवात आंतरराष्ट्रीय कॅथॉलिक चित्रपट संस्थेने याच माणसाच्या येशूपटास पारितोषिक दिले! हा चित्रपट पासोलिनींनी दिवंगत पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. संवाद शुभवर्तमानातलेच घेतले. पदरचे रचले नाहीत. येशूच्या भूमिकेत एक स्पॅनिश विद्यार्थी, वृद्ध मरियेच्या भूमिकेत दिग्दर्शकाची स्वतःची माता आणि बाकी बहुतेक दक्षिण इटलीतील गोरगरीब. कुष्ठरोग्याचा विद्रूप चेहरा दिसतो आणि लगेच तोच चेहरा निरोगी दिसतो. मध्ये धूर नाही, विजा नाहीत, आकाशातून पुष्पवृष्टी नाही. व्हॅटिकनच्या दैनिकाने २०१४ साली याची गणना येशूवरील सर्वोत्तम चित्रपट म्हणून केली.

ती पंधरा चित्रपटांची धर्मविभागाची यादी आम्ही कुतूहलाने तपासली. तीत निरीश्वरवादी म्हणविणारा बुन्युएल आहे, कॅथॉलिक नसलेला डॅनिश ड्रायर आहे आणि सोव्हिएट राजवटीत ऑर्थोडॉक्स साधूचित्रकाराचे जीवन रंगविणारा तार्कोव्हस्की आहे. मूल्यविभागात रिचर्ड अॅटनबरो यांचा 'गांधी' आहे. म्हणजे कर्त्याची जात, धर्म, मत हे काही न पाहता यादी करणाऱ्यांनी एवढेच पाहिले की, कृती खरी उतरली आहे काय.

कॅथॉलिक समाज या बाबतीत निर्दोष आहे, असा आमचा दावा नाही. १९८८ साली मार्टिन स्कोर्सेसी यांच्या येशूवरील चित्रपटाविरुद्ध चिडून काही अतिरेकी कॅथॉलिकांनी पॅरिसमधील एका चित्रपटगृहास आग लावली आणि अनेक प्रेक्षक जखमी झाले. त्याच स्कोर्सेसींनी जपानमधील ख्रिस्ती धर्मच्छळावर काढलेला 'सायलेन्स' हा चित्रपट २०१६ साली रोममध्ये जेझुइट धर्मगुरूंना प्रदर्शनापूर्वी दाखविण्यात आला. एकाच दिग्दर्शकाच्या बाबतीत अठ्ठावीस वर्षांत ही दोन टोके दिसली. जाळणे सोपे असते. त्याला चित्रपट पाहावाही लागत नाही. पाहून, विचार करून, जे पटले नाही ते सांगणे यालाच आम्ही परीक्षण म्हणतो. बंदी आणि परीक्षण या दोन गोष्टी एक नव्हेत, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. कारण आमच्या या लेखाचा आधार घेऊन कोणी उद्या एखाद्या चित्रपटगृहावर मोर्चा नेला, तर तो आमच्या म्हणण्याचा विपर्यास होईल.

येथवर झाला तो पूर्वरंग. आता उत्तररंगात आपल्या घराकडे वळू.

हिंदुस्थानी चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली आमच्या याच त्र्यंबकेश्वरी, एका संस्कृत पंडिताच्या घरी झाला. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी येशूच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. तो पाहत असता आपल्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण, अयोध्या आणि गोकुळ उभे राहत होते, असे त्यांनी स्वतःच पुढे 'नवयुग' मासिकात लिहिले आहे. त्या ध्यासातून १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' निघाला, १९१७ चे 'लंकादहन' आणि १९१९ चे 'कालियामर्दन' निघाले. म्हणजे आपल्या धार्मिक चित्रपटाचा उगम येशूपटाच्या दर्शनात आहे. फाळके तो पाहून बाटले नाहीत. उलट त्यांना आपला राम अधिक स्पष्ट दिसू लागला. उसने घेण्याची ही रीत उभयपक्षी जुनीच आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली गोव्यात येशूचरित्र सांगण्यासाठी सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' छापविले. विषय पवित्र आहे, तेव्हा कसेही सांगितले तरी चालेल, असे त्याने मानले नाही. इथल्या माणसाच्या कानास रुचेल अशी ओवी तो आधी शिकला.

फाळक्यांनंतर तेवीस वर्षांनी प्रभातचा 'संत तुकाराम' आला. दामले-फत्तेलालांचा हा १९३६ चा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली नावाजला गेला. त्यातही चमत्कार आहेत, विमानही आहे. पण आज तो पाहावा तर लक्षात राहते ते विमान नव्हे, तर चुलीशी त्रासलेली जिजाई. मुलाबाळांच्या पोटाची तिला चिंता आहे, नवऱ्याच्या विठोबावर तिचा राग आहे आणि नवऱ्यावर तिचे प्रेमही आहे. तिचा राग खरा आहे म्हणून विष्णुपंत पागनिसांच्या तुकोबांची शांतीही खरी वाटते. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी रचलेला एक अभंग लोक खुद्द तुकोबांचाच समजून गात राहिले. निर्मळच्या सिस्टर जे मागत होत्या ते याहून निराळे काय होते?

आता शास्त्राकडे येऊ. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात भरतमुनी नाट्याला तिन्ही लोकांतील भावांचे अनुकीर्तन म्हणतात. कीर्तनकारास हा शब्द विशेष जवळचा. आम्ही कीर्तनात रामाचे आख्यान लावतो तेव्हा मस्तकी मुकुट घालीत नाही. अंगावर तेच उपरणे, डोक्यावर तेच पागोटे, हातात चिपळ्या. एक पाऊल इकडे टाकले की भरत, तिकडे टाकले की राम. पादुका श्रोत्यांना स्वतःच्या मनात पाहाव्या लागतात, आणि मनात पाहिल्या म्हणूनच त्या त्यांच्या होतात. न सांगता सुचविण्याच्या या सामर्थ्याला आनंदवर्धनांनी ध्वनी म्हटले आणि तो काव्याचा आत्मा मानला. चित्रपटापाशी सर्व काही दाखविण्याची सोय आहे. तोच त्याचा मोह आणि तीच त्याची परीक्षा. ड्रायर यांनी १९२८ साली काढलेल्या जोन ऑफ आर्कवरील मूकपटात युद्ध नाही, घोडे नाहीत. १४३१ च्या खटल्याच्या नोंदी घेतल्या आणि बहुतेक वेळ चेहरेच दाखविले. रंगरंगोटी न केलेले चेहरे. त्या एका स्त्रीच्या डोळ्यांतून श्रद्धा म्हणजे काय ते कळते. फ्रान्समधील आल्प्स पर्वतातल्या मौनव्रती साधूंच्या मठावरील 'इंटू ग्रेट सायलेन्स' हा २००५ चा चित्रपट तर जवळजवळ निःशब्दच आहे. दिग्दर्शक फिलिप ग्रोनिंग यांनी १९८४ साली परवानगी मागितली. आमची अद्याप तयारी नाही, असे मठाने कळविले. आणि सुमारे सोळा वर्षांनी निरोप धाडला की, आता यावे. मग तो मनुष्य एकटा कॅमेरा घेऊन काही महिने त्या मठात राहिला. पडद्यावर निवेदन नाही, कृत्रिम प्रकाश नाही. बर्फ पडते, घंटा वाजते, साधू प्रार्थनेस जातात. अडीच तासांहून अधिक वेळ आम्ही ते पाहत बसलो आणि उठल्यावर संध्या करावयास बसलो. चित्रपटाची याहून मोठी प्रशस्ती आम्हांस ठाऊक नाही.

सिस्टरांच्या प्रश्नाचे उत्तरही शास्त्रात आहे. करुणाचा स्थायीभाव शोक, बीभत्साचा जुगुप्सा. रक्तमांस पाहून अंगावर काटा येतो तो जुगुप्सेचा. त्या वेळी डोळ्यांत पाणी आले तरी तो करुण रस होत नाही. उग्र वाद्ये वाजवून आणि गदागदा कॅमेरा हलवून अंगावर आणलेला शहारा म्हणजे भक्ती नव्हे. हे आम्ही चित्रपटवाल्यांस शिकवावे आणि स्वतः मोकळे राहावे, असेही नाही. अभिमन्यूचे आख्यान लावताना सभेतील स्त्रियांच्या डोळ्यांना पदर लागावा म्हणून सुभद्रेचा विलाप आम्हीही आवश्यकतेहून लांबविला आहे. आणि सभा रडली की कीर्तन रंगले, असे मानून घरी आलो आहो. सिस्टरांचा प्रश्न आमच्या गादीलाही लागू आहे.

क्षेमेंद्रांनी औचित्याला काव्याचे जीवित म्हटले. त्या औचित्याच्या कसोटीने आपले आजकालचे पौराणिक आणि संतचरित्रपर चित्रपट तपासून पाहावेत. देवाच्या बाहूंवर व्यायामशाळेतले स्नायू दिसतात, पण मुखावर प्रसाद दिसतो काय? संताचे विरोधक केवळ विदूषक आणि खलपुरुष म्हणून उभे केले आहेत, की तेही माणसे आहेत? रामेश्वर भट्टांनी प्रथम तुकोबांस विरोध केला आणि पुढे ते त्यांचेच अनुयायी झाले. तुकोबांची थोरवी रामेश्वर भट्टांच्या फजितीत नसून त्यांच्या पालटात आहे. जो चित्रपट प्रेक्षकाला विरोधकाचा द्वेष शिकवून घरी धाडतो, तो संताचे नाव घेऊन संताच्या विरुद्ध बोलतो. गुरुजींनी यहुद्यांच्या चित्रणाविषयी जी शंका घेतली, ती आपणही आपल्या पडद्याविषयी घेतली पाहिजे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो आम्ही हलका मानीत नाही. १९७५ साली 'जय संतोषी माँ' लागला तेव्हा अनेक ठिकाणी स्त्रिया पादत्राणे बाहेर काढून चित्रपटगृहात शिरत, पडद्यावर फुले उधळीत, आरती ओवाळीत. त्यांना औचित्यविचार सांगावयाचा काय? तीनदा रडणाऱ्या त्या वाडीवाल्या आजोबांना करुण आणि बीभत्स यांतील भेद शिकवावयाचा काय? नाही, त्यांची भक्ती त्यांची स्वतःची आहे आणि ती वंदनीय आहे. धोंड्यालाही शेंदूर लावून देवत्व देण्याचे सामर्थ्य तिच्यात आहे. परंतु ते सामर्थ्य भक्ताचे आहे, पडदा रंगविणाऱ्याचे नाही. माउलींच्या चपला बाहेर काढलेल्या पाहून निर्मात्याने असे समजू नये की, आपण देऊळ बांधले. उलट, ज्यांच्यासमोर लोक अनवाणी येऊन बसतात त्यांची जबाबदारी अधिक. देवळातील मूर्ती घडविणाऱ्या शिल्प्याला प्रमाणशास्त्र चुकविण्याची मुभा कोणी देत नाही. विषय देवाचा आहे म्हणून तर मुळीच नाही. नैवेद्याचे पक्वान्न बिघडले तर घरातली सासू ते देवापुढे ठेवीत नाही. मग पडद्यावरचा नैवेद्य कच्चा आहे हे ओळखूनही आपण तो मुकाट्याने का ठेवू द्यावा?

म्हणून आमची घरोघरच्या मंडळींना विनंती आहे. मुलांसमवेत देवाचा चित्रपट पाहिला की नमस्कार करून उठू नये. थोडे बसावे आणि बोलावे. कोणते दृश्य मनात राहिले? का राहिले? कोठे खोटे वाटले? संत कोठे दिसले आणि नुसता देखावा कोठे दिसला? नातवाने "मला नाही आवडला" म्हटले तर त्याच्या तोंडावर हात ठेवू नये. आज चित्रपटाविषयी त्याने खोटे बोलावे असे आपण शिकविले, तर उद्या तो देवाविषयीही आपल्याशी खरे बोलणार नाही.

आज या क्षेत्री ज्यांचे दर्शन घ्यावयाचे त्या निवृत्तिनाथांची कथा सर्वांस ठाऊक आहे. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, कुटुंबाची पांगापांग झाली आणि बालक निवृत्ती एका गुहेत शिरला. तेथे त्यास गहिनीनाथ भेटले. या कथेवर कोणी चित्रपट काढीलच. वाघ दाखविणे आता अवघड राहिलेले नाही. यंत्राने तो हवा तेवढा मोठा करता येतो आणि त्याच्या डरकाळीने चित्रपटगृह हादरविता येते. गुहेच्या अंधारात गुरूने शिष्याला जे दिले ते कसे दाखवावयाचे, ही खरी अडचण आहे. ज्याला ती अडचण वाटते त्याने तो चित्रपट काढावा, मग त्याचे मत आणि धर्म कोणताही असो. ज्याला फक्त वाघाची काळजी आहे, त्याला शिफारसपत्र लिहून देण्याचे आम्ही आता सोडले आहे.

राहता राहिला तो विद्यार्थी. तो आता दुसऱ्या गावी अध्यापन करतो आणि या यात्रेस दरवर्षी येतो. गेल्या आठवड्यात त्याचे पत्र आले. उद्या द्वादशीस तो भेटावयास येत आहे. त्याच्यासमवेत 'संत तुकाराम' पुन्हा एकदा पाहावा असा बेत आम्ही केला आहे. चित्रपट संपल्यावर प्रथम त्याने बोलावे आणि आम्ही ऐकावे, असे ठरविले आहे. त्यापूर्वी त्याची क्षमा मागावयाची आहे. सर्वांसमक्ष त्यास खडसावले होते, म्हणून क्षमाही सर्वांसमक्ष, या पानावरच मागत आहो.

रामकृष्णहरी.